पहिल्या खुंट्याचा बैल

चिंचनळीची जत्रा पाच दिवसांची, पण तिच्यापायी आमच्या घराला दीड महिना उसंत नसायची. माळावरची कुसळं काढायची, दगड वेचायचे, बाभळीचे खुंटे तासून ओळीनं ठोकायचे. बाराशे खुंटे. घण मारून मारून तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे आणि फुटलेल्या कातड्यावर पुन्हा घणाचा दांडा. मग हौद घासून काढायचे आणि दोन मोटा दिवसभर चालवून ते भरायचे. एवढं सगळं झालं की लोक म्हणायचे, महालिंगप्पाची जत्रा लई नेटकी. महालिंगप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, जत्रेचे कारभारी. मी शिवप्पा, धाकटा, अण्णांचा तम्मा. नाव त्यांचं आणि फोड माझे, अशी मी बायकोजवळ कुरकुर करायचो. पण जत्रेत अण्णांच्या मागून चालताना छाती माझीही फुगायची, ते कशाला लपवू.

त्या काळी आमचा मुलूख निजामाचा. मुरुमच्या आसपास नऊ गावांत जनावरांच्या मोठ्या जत्रा भरायच्या आणि त्या नऊ जत्रांच्या कारभाऱ्यांची मिळून एक मंडळी होती. दसरा झाला की मंडळी मुरुमला एका अडतीत बसायची. चार माणसं जमायची तरी इजाजत लागायची असे दिवस, म्हणून आधी तहसिलीत अर्ज द्यायचा. तिथला कारकून दरसाल तेच विचारायचा, "बैलां के बाजार में सियासत तो नई ना?" अण्णा हात जोडून सांगायचे, "न्हाई साहेब, नुसतं शेण हाय." कारकून हसून शिक्का मारायचा.

मंडळीचं काम बाहेरच्याला किरकोळ वाटेल. एकाची जत्रा दुसऱ्याच्या जत्रेवर पडू नये म्हणून तिथी ठरवायच्या. म्हातारा बैल दात घासून तरणा म्हणून खपवणाऱ्या दलालाला एका जत्रेनं हाकललं की नवांनी हाकलायचं. आणि सगळ्यांत मोठा नेम रोगाचा. जत्रेतला पहिला खुंटा कारभाऱ्याच्या घरच्या जोडीचा. हौदाचं पाणी आधी तिनं प्यायचं आणि पाची दिवस तिनं तिथंच उभं राहायचं. दुसऱ्याला जिथं जनावर बांधायला सांगतो तिथं आधी आपलं बांधायचं, हा त्यातला अर्थ. आणि जत्रेत एका जरी जनावरात बुळकांडी दिसली, तर कारभाऱ्यानं तो पहिला खुंटा आपल्या हातानं उपटायचा, खांद्यावर घ्यायचा आणि सगळ्या जत्रेतून एक फेरी मारायची. दवंडी नाही, ओरडा नाही. खांद्यावर खुंटा दिसला की ज्यानं त्यानं दावी सोडून घरची वाट धरायची आणि तीन आठवडे जनावर वेगळं बांधायचं. त्या माळावर मग तीन पावसाळे जत्रा भरवायची नाही. हा तीन पावसाळ्यांचा नेम अण्णांनी घातलेला. मंडळीचे सरपंच तेच होते.

तो नेम पाळायची पहिली वेळ आली खडकाळीच्या धोंडीबावर. धोंडीबा अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, साधा माणूस, खडकाळीच्या जत्रेचा कारभारी. त्याच्या जत्रेत दुसऱ्याच दिवशी दोन कालवडी लाळ गाळायला लागल्या. त्यानं आपणहून अण्णांना निरोप धाडला, येऊन बघा. आम्ही दोघं गेलो. अण्णांनी कालवडीचा जबडा उघडला, हिरडीवर अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "कारभारी, उठवा."

"दोनच हायती," धोंडीबा म्हणाला. "बाजूला नेऊन बांधतो. दोन दिवस वाट बघू."

"नेम एकाचा हाय."

धोंडीबा खुंट्याकडं वळला. त्यानं खुंटा हलवून हलवून उपटला. जमीन कडक, तीन वेळा हात घसरला. कुणी मदतीला जायचं नसतं, तसा रिवाज. खुंटा खांद्यावर घेऊन तो निघाला तेव्हा त्याच्या पटक्याचा शेव सुटून पाठीवर लोंबत होता आणि ते त्याला कुणी सांगितलंही नाही. अर्ध्या दिवसात माळ मोकळा झाला.

आणि चार दिवसांनी त्या दोन्ही कालवडी चरायला लागल्या! कडब्यात करडईचं भुसकट मिसळलं होतं, त्यातले काटे लागून तोंड आलं होतं, बाकी काही नव्हतं. काट्यापायी खडकाळीची जत्रा तीन वर्षं बंद. अण्णा ऐकून दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चालत खडकाळीला गेले. धोंडीबानं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमी तरी काय करणार? अंगठ्याला काय डोळे असतेत?" एवढंच. अण्णांना तो शिव्या देता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

त्याला दोन वर्षं झाली. जंगाची, म्हणजे महायुद्धाची सालं होती, त्यात खरिपाला पावसानं हात आखडला. कडबा कमी. आमच्या दोन्ही बैलांच्या गव्हाणीत मीच निम्मं करडईचं भुसकट मिसळत होतो. बैल दोन्ही देवणी, वानेऱ्या वाणाचे, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. एक बाळ्या, एक नंद्या. पुसाच्या पुनवेला अण्णांनी दोघांच्या शिंगांना हेंगूळ लावून त्यांना पहिल्या खुंट्याला बांधलं, हौद दाखवला, दोघं पोटभर पाणी प्याले आणि जत्रा भरली. कडब्याच्या टंचाईनं लोक जनावरं विकायला निघालेले, त्यामुळं बाराशे खुंटे पहिल्याच दिवशी भरले. बाकीच्या जत्रांचे कारभारी मंडळीच्या रिवाजानं बघायला आले होते. गिरिजावैनी पहाटेपासून भाकऱ्या थापत होत्या.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मी वैरण टाकायला गेलो. नंद्या उभा राहिला. बाळ्या बसूनच. गव्हाणीतली वैरण तशीच. डोळ्यांतून पाणी गळून गालावरच्या काळ्या रंगात ओघळ पडले होते आणि खालच्या ओठाला लाळेची तार. मी जबडा उघडला. आत लाल झालं होतं, जिभेच्या कडेला पांढरे ठिपके.

बुळकांडी, हेच आधी मनात आलं. पण पुढच्याच घटकेला मनानं मला समजावलं. भुसकट मीच घातलंय. काटे लागले असणार. खडकाळीच्या कालवडींना झालं तेच हे. आता अण्णांना बोलावलं तर अण्णा अंगठा फिरवतील आणि खुंटा उपटतील, दुसरं काही करणारा माणूस नव्हे तो. मग चार दिवसांनी बाळ्या चरायला लागेल आणि नऊ गावं हसतील. काट्यापायी दोन जत्रा उठवल्या म्हणतील. चिंचनळीचा माळ तीन वर्षं ओस. अण्णांना सरपंच म्हणून कोण ठेवील? हे सगळं मी एका दमात ठरवलं. अण्णांची अब्रू मला वाचवायची होती. आज विचाराल तर माझी स्वतःची छातीही त्यात होती, ती कुठं वेगळी काढू.

माझा मेहुणा बसवराज, माझ्या बायकोचा, मल्लम्माचा भाऊ, दोन ओळी सोडून उतरला होता. त्यानं विकायला आणलेला बैलही वानेराच. उंचीनं बोटभर कमी असेल, एवढंच. मी त्याला हलवून उठवलं.

"तुझा बैल दे. दोन दिवस पहिल्या खुंट्यावर बांधतो."

त्यानं आधी माझ्याकडं, मग बाळ्याकडं बघितलं. "दाजी, हे बरं न्हाई. कारभाऱ्यांना उठवा."

"करडईचे काटे हायती रं. दोन रोजाचा सवाल हाय."

"आन काटे नसले तर?"

"तू माझ्या बहिणीचा नवरा हाईस का मी तुझ्या?" मी चिडून बोललो. मोठेपणाचा मान वापरायची ती जागा नव्हती, पण वापरला. त्यानं मुकाट्यानं दावं सोडलं. त्याच्या बैलाच्या शिंगांना मी घाईघाईनं हेंगूळ फासला, बोटं लाल झाली ती मातीत पुसली. बाळ्याला ओढ्याच्या कडेनं हाकत आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यात नेऊन बांधलं. वाटेत तो दोनदा थांबला. कातडं तापलेलं होतं, माझ्या तळहाताला ते चांगलं कळत होतं, आणि मी चल रं, चल रं करत त्याला ढकलत होतो.

परत आलो तेव्हा अण्णा आंघोळ करून, कपाळाला इभूत लावून फेरीला निघालेले. त्यांची फेरी आपल्या जोडीपासून सुरू व्हायची. नंद्याच्या वशिंडावर हात ठेवला. मग दुसऱ्याच्या. त्या दुसऱ्या वशिंडावर हात जरा जास्त वेळ राहिला. मी वैरणीची पेंढी सोडायला लागलो.

"ह्याला पाणी दावलं?" अण्णांनी विचारलं.

"व्हय."

"पिला?"

"पिला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी वैरणीच्या पेंढीकडं बघत होतो. मग ते पुढच्या ओळीकडं चालायला लागले. वाटलं, निभावलं.

दुपारी धोंडीबा आला. स्वतःची जत्रा बंद, त्यामुळं यंदा तो नुसता गिऱ्हाईक. त्याला एक जोडी घ्यायची होती. आपले बैल थकलेत, म्हणाला, औंदाची पेर ह्यांच्याच्यानं व्हायची न्हाई. त्यानं एक तांबडी जोडी हेरली होती. ती आमच्या हौदाला लागूनच बांधलेली.

"कारभारी, सौदा तुमी करून द्या," तो अण्णांना म्हणाला. "तुमी हात घातला म्हंजी म्या डोळे झाकून नेतो."

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात. मधला माणूस आधी घेणाऱ्याची बोटं धरतो, मग देणाऱ्याची. अण्णांनी उपरणं पसरलं. धोंडीबाचा हात उपरण्याखाली बराच वेळ अण्णांच्या हातात होता. मी बाजूलाच उभा होतो. अण्णांचा चेहरा एवढा गंभीर का, हे मला कळलं नाही. सौदा झाला. धोंडीबानं जोडीच्या पाठीवर थाप मारली आणि पोरासारखा हसला. घरी नेलं, वैनींनी त्याला गव्हाची गोड हुग्गी वाढली. त्यानं दोनदा मागून घेतली.

"तुमच्या दिराच्या हाताला फोड लई आलेत बगा," तो वैनींना म्हणाला. "ह्या गड्यानंच जत्रा उभी केली."

मला त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

पाचव्या दिवशी सांजेला जत्रा रीतसर उठली. जनावरं नऊ वाटांनी नऊ गावांकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आखाड्यावर गेलो तर बाळ्याचं मागचं सगळं अंग शेणानं भरलेलं. पाण्यासारखं, रक्त मिसळलेलं, आणि वास असा की नाकाला धोतर लावूनही थांबता येईना. मांड्या आत गेल्या होत्या. डोळे उघडे, पण माशा बसल्या तरी पापणी हलत नव्हती. ज्यानं एकदा बुळकांडी बघितली त्याला पुन्हा कुणी सांगावं लागत नाही. मी तिथंच चिखलात बसलो.

वैनी माझ्या मागोमाग भाकरी घेऊन आल्या होत्या. दारातच थांबल्या.

"भावजी, हा बाळ्या न्हवं?"

मी मान हलवली.

"मग पहिल्या खुंट्यावर कोण हुता बांधलेला?"

मी बाळ्याचं दावं सोडायला लागलो. त्यांनी भाकरीचं फडकं खाली ठेवलं, बाळ्याच्या तोंडाशी बसल्या आणि पदरानं त्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलायला लागल्या. "तुमच्या भावाला म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. दुपारपर्यंत बाळ्या गेला. मी घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात अण्णाच आखाड्यावर आले. त्यांनी मेलेल्या बैलाकडं बघितलं. हा इथं कसा, हे विचारलं नाही. कधीपासून, तेही नाही. "खड्डा खोल घे," म्हणाले, सदरा काढला आणि कुदळ उचलली. आम्ही दोघांनी छातीइतका खड्डा खणला. तोंडातून शब्द काढायला माझ्याजवळ तेवढा सगळा वेळ होता. मी माती ओढत राहिलो.

अण्णांनी त्याच सांजेला आठ गावांना निरोप धाडले, जत्रेतली जनावरं वेगळी बांधा, बुळकांडी हाय. पण निरोप पोचेपर्यंत जनावरं घरच्या गोठ्यात दावणीला लागून दोन-दोन रात्री झाल्या होत्या. नंद्या आठव्या दिवशी गेला. बसवराजचा बैल त्याच्या गावी जाऊन मेला आणि त्याच्यामागं त्याच्या दोन म्हशी. मल्लम्मा भावाच्या गावाहून परतली ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. खडकाळीत धोंडीबाची तांबडी जोडी अकराव्या दिवशी आडवी झाली. मग त्याचे थकलेले बैल, मग गाय, मग वासरू. सलोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, घोड्यावरून आला, सुया टोचल्या आणि फार उशीर झाला म्हणून सांगून गेला. गावागावांच्या शिवेवर गिधाडं उतरली ती होळीपर्यंत उठली नाहीत.

वैशाखात मुरुमला मंडळी बसली. दसऱ्याची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. नऊ कारभारी अडतीत पोत्यांवर बसले, मी दाराशी. कारकुनानं या वेळी काही विचारलं नव्हतं, नुसता शिक्का मारला होता. रोग कुणाच्या जत्रेतून निघाला, यावर बोलणं सुरू झालं. एकदोघांनी चिंचनळीचं नाव घेतलं. त्यावर धोंडीबा उठला. वाळला होता, गळ्याची कातडी लोंबत होती.

"चिंचनळीचं नाव घिऊ नका," तो म्हणाला. "महालिंगप्पांनी माझी जत्रा दोन कालवडींवर उठवली. म्या राग धरला न्हाई, का तर माणूस नेमाचा हाय. त्यांच्या माळावर एक जनावर जरी शिंकलं असतं तरी त्यांनी खुंटा उपटला असता. रोग वाटंत लागला आसंल. माझी सहा जनावरं गेली, तरी म्या म्हणतो, सरपंच तेच ऱ्हावेत."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं, आता कुणी विचारणार नाही. इतकं मरण बघूनही माझं मन सुटायचीच वाट शोधत होतं, ही माझी लायकी.

अण्णा उठले. पटका काढून समोरच्या पोत्यावर ठेवला.

"तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खुंट्यावर माझा बैल नव्हता," ते म्हणाले. "दुसराच बांधलेला हुता. हात ठिवल्याबरोबर मला कळलं. आपला बैल हाताला कळतोच. तो का न्हाई, हेबी कळलं. म्या खुंटा उपटला न्हाई."

अण्णांना कळलं होतं! त्याच दिवशी, त्याच वेळी. बैल कुणी बदलला, हे ते बोलले नाहीत, कुणी विचारलंही नाही. मी दारातून उठून पुढं व्हायला हवं होतं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

धोंडीबा अजून उभाच होता.

"सकाळी कळलं," तो हळूच म्हणाला. "आन माझा सौदा तुमी दुपारी केला."

"व्हय."

"माझी बोटं तुमच्या हातात हुती, कारभारी. नुसतं दाबलं असतं तरी म्या समजलो असतो."

धोंडीबा खाली बसला. कुणीतरी म्हणालं की चिंचनळीची जत्रा बंद करा. दुसरा म्हणाला, आता बंद करून काय, बांधायला जनावर कुठं हाय? ज्याच्या तोंडाकडं बघून नेम पाळायचा तोच असा, मग आपणही आपापल्या जत्रेत कधी काय झाकलं असेल, असं प्रत्येकाच्या मनात येत असावं. एक-एक जण उठून जोडे घालून गेला. अण्णांचा पटका पोत्यावरच राहिला होता, तो मी आणला. मंडळी त्यानंतर बसली नाही. दोन-तीन सालांनी रझाकारांची धामधूम, मग पोलीस ॲक्शन, लोकांना दुसरे घोर लागले. पण मंडळी मोडली ती त्याआधीच, आमच्या खुंट्यावर.

मृग लागला आणि पेर आली. नऊ गावांत मिळून धड जोड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. आमचं रान अण्णांनी तसंच पडू दिलं. एका सकाळी मला म्हणाले, "चल." कुठं ते सांगितलं नाही. खडकाळीच्या वाटेला लागलो तेव्हा मला कळलं.

धोंडीबा रानात पेरायची पाभर घेऊन उभा होता, दोन फणांची. ओढायला तो आणि त्याची बायको धुरपदाबाई. तिनं कासोटा घातला होता आणि जुवाला खांदा लावून बघत होती. आम्हाला बघून ती सरळ झाली.

अण्णा तिच्या हातातलं जू धरून म्हणाले, "आमी ओढतो."

"राहू द्या, कारभारी," धोंडीबा म्हणाला. "हे काय करताव?"

"का म्हून राहू द्या?" धुरपदाबाई म्हणाली. "माझ्या दावणीची सहा ह्यांनीच मारली न्हवं? ओढू द्या की." तिनं जू उचलून आमच्या दोघांच्या खांद्यांवर ठेवलं, दोर पाभरीला आवळला आणि मूग घेऊन बी सोडायच्या चाड्याशी गेली. धोंडीबानं पाभर धरली.

काळ्या रानात ओल खोल होती. पेरणीच्या पहिल्या तासालाच, पहिल्याच ओळीत, माझ्या मानेचं कातडं सोललं. पाय घोट्यापर्यंत रुतायचे, उपटून पुढं टाकायला सगळा जीव लावावा लागायचा. अण्णा पन्नाशीला आलेले, दमा नसूनही त्यांच्या छातीतून आवाज येत होता. जू माझ्या बाजूला कलायचं तेव्हा ते खांदा वर करून आपल्याकडं घ्यायचे. तीन तासं अशीच ओढली. चौथ्याला माझ्याच्यानं राहवेना.

"अण्णा, बैल म्या बदलला हुता."

"म्हाईत हाय."

"मग तवाच माझा कान का धरला न्हाई? वशिंडावर हात ठिवून उभा हुता तुमी."

ते तास संपलं, आम्ही वळलो, निम्मं दुसरं तास झालं, तेव्हा म्हणाले, "वाट बघत हुतो. म्हटलं, तू बोलशील आता. इचारलं बी तुला, पाणी पिला का. तू म्हणलास, पिला." ते दम खायला थांबले, जू खांद्यावर तसंच. "मग मनात आलं, हा काय बोलला न्हाई, म्हंजी मला काय कळलं न्हाई. तवा लई बरं वाटलं, तम्मा. खोटं कशाला बोलू. लई हलकं वाटलं."

मला रडू फुटलं. हात जुवाला धरलेले, त्यामुळं तोंड पुसताही येईना. बाळ्या त्या खुंट्यावर तसाच बसलेला असता तर अण्णांनी खुंटा उपटला असता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. त्यांच्यापुढून मी बैल नेला आणि त्यांना पळायला वाट करून दिली. मला वाटलं होतं, मी भावाला वाचवतोय. जन्मभर नेमानं वागलेल्या माणसाला एका सकाळी चुकायची मुभा मी दिली आणि त्यानं ती घेतली. बुळकांडीनं मेलेली जनावरं दहा-बारा सालांत पुन्हा झाली. अण्णा पुन्हा झाले नाहीत. त्यांनी पटका पुन्हा कधी बांधला नाही, कुणाच्या सौद्यात हात घातला नाही, आणि मला त्याबद्दल एका शब्दानं कधी टोचलं नाही. टोचायला हवं होतं.

"ओढ," अण्णा म्हणाले.

आम्ही ओढलं. मागं धोंडीबा पाभर दाबून चालत होता. बैल हाकताना माणूस तोंडानं सारखा काहीतरी बोलतो, च् च् करतो, शिवी देतो, दोराला झटका देतो. धोंडीबाच्या तोंडून त्यातलं काही निघत नव्हतं. दोर त्यानं सैल धरला होता. बांध आला की तो पाभर उचलायचा, जरा थांबायचा, आणि घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात म्हणायचा, "वळा, कारभारी."

आणि आम्ही वळायचो.